वारी समाजाला जोडते, की जोडल्याचा भास देते?

वाटसरू:
शिक्षण वाढलं, शहरं फुगली की धर्म आपोआप मागे पडेल, असं समाजशास्त्रात बराच काळ धरून चालले होते. पीटर बर्जर त्यातलेच. १९९९ मध्ये त्यांनीच हे मत जाहीरपणे सोडून दिलं. आपल्याकडे आषाढीची गर्दी कमी व्हायचं नाव घेत नाही. आळंदी ते पुणे टप्पा तर आयटीवालेही पाठीला सॅक लावून चालतात. देवाच्या नावाने माणसं खरं तर आपल्याच समाजाला पूजतात, असं समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १९१२ मध्ये मांडलं. वारीत मला तेच दिसतं. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या इरावती कर्व्यांनी उगाच नाही केली. अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणायची सोय दुसरीकडे कुठे आहे, सांगा.

खरवड:
कर्वेबाईंचं अर्धंच सांगितलंत. वारीवरच्या त्याच लेखात ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या वेगळ्या पंगतींबद्दलही आहे, आणि ते त्यांना लागलेलं दिसतं. चालताना सगळे माउली, जेवताना ज्याची त्याची पंगत! चोखोबांना मंदिराबाहेरच राहावं लागलं. त्याच मंदिरात दलितांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. समाज स्वतःला पूजतो हे ठीक, पण त्या समाजात कोणाला धरलंय? ज्यांना धरलं नव्हतं, त्यांनी १९५६ मध्ये नागपुरात आंबेडकरांसोबत धर्मच सोडला.

भीमाकाठ:
दोघंही पुस्तकातनं बोलताय राव. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला या कधीतरी. चोपदारानं चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की सगळे टाळ गप्प. फक्त ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. मग त्या दिंडीकडे जाऊन विचारपूस होते, निवाडा होतो. हरवलं-सापडलं पुकारतात, आरती त्यानंतर. एवढ्या गर्दीत भांडण मिटवायची ही रीत कुठल्या सरकारानं घालून दिली नाही.

खरवड:
रीत झकास आहे, वादच नाही. पण टाळ दिंडीच्या हातात. दिंडीत एखाद्या बाईचंच विणेकऱ्याशी, म्हणजे दिंडीच्या प्रमुखाशी, बिनसलं तर तिनं काय वाजवायचं? विठ्ठलाच्या पूजेला बायका आणि ब्राह्मणेतर पुजारी आले ते २०१४ मध्ये, बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क सुप्रीम कोर्टात संपल्यावर. हा बदल टाळांनी नाही, वकिलांनी घडवला.

वाटसरू:
कोर्टाचं मान्य. पण गुरुजी कोर्टात गेले नव्हते हो. उपोषणाआधी महाराष्ट्रभर सभा घेत फिरले, लोकांना पटवत. त्यांचं म्हणणं लोकांच्या गळी उतरलं, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघंही विठ्ठलाला मानणारे. नुसत्या कायद्यानं दार उघडतं, शेजारी बसायला जागा मिळत नाही.

खरवड:
आधी दार उघडू द्या, जागेचं आम्ही बघून घेऊ.

भीमाकाठ:
आमच्या दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाची वर्गणी, भरली की पंगत एकच. शेजारच्या दिंडीचं मी सांगणार नाही. यंदा या, आणि तिथंच जेवायला बसा.