पुढच्या सोमवारपासून ऑफिस, अंगावरचं दूध कसं चालू ठेवू?

रामबागची आई: मुलगी साडेचार महिन्यांची, फक्त अंगावरच पिते. 26 आठवड्यांच्या सुट्टीतला एक महिना डिलिव्हरीच्या आधीच गेला. ऑफिस विजयनगरला, म्हणजे जाऊन-येऊन दहा तास घराबाहेर. सासूबाई प्रेमाने सांभाळतील पण म्हणतात वरचं दूध सुरू कर. काल बाटली दिली तर तोंड फिरवून इतकी रडली की मलाही रडू आलं. पंपने जेमतेम 40 मिली निघतं, दूध कमी पडतंय का?

सुदामानगर, दोन मुलं: अगं 40 मिलीवरून काही ठरवू नकोस, बाळ ओढतं तेवढं पंप ओढत नाही. सकाळी एका बाजूला तिला पाज आणि दुसऱ्या बाजूने पंप कर, तेव्हा चांगलं येतं. फ्रीजर भरायची गरज नाही, आज ऑफिसात काढलेलं उद्या तिला. बाटली नको असेल तर वाटी-चमचा, पण सासूबाईंनी द्यायचं, तू खोलीतही थांबू नकोस कारण तुझा वास आला की ती घेणार नाही. फ्रीजमध्ये 4 दिवस टिकतं, दारात नाही, आत मागे ठेवायचं. गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं. आणि साय वर येते हे सासूबाईंना आत्ताच दाखवून ठेव, माझ्याकडे फाटलं समजून 120 मिली बेसिनमध्ये ओतलं होतं, दोन दिवसांचं होतं गं ते.

नोकरीवाली ताई: एचआरला आजच मेल टाक. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय पाजण्यासाठी दोन ब्रेक कायद्यातच आहेत, आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही हवं. मी आधीच्या ऑफिसात आठवडाभर बाथरूममध्ये उभी राहून काढलं, कमोडच्या झाकणावर डबा ठेवून. मागितल्यावर कडी लागणारी एक खोली मिळाली, आधीच मागायला हवं होतं. मीटिंगसाठी वेळ चुकवू नकोस, मला गाठ होऊन ताप आला होता, तसं झालं तर लगेच डॉक्टर.

नातवाची आजी: मी घरी सांभाळते. सून यायच्या तासभर आधी त्याला पोटभर देत नाही, अगदी दोन चमचे, मग ती आली की हातपाय धुवून आधी त्यालाच घेते. रात्री जास्त पितो, तिची झोप मोडते हे खरं, म्हणून सकाळचा डबा मी करते.

रामबागची आई: मी जिन्यात बसले होते, आत सासूबाईंनी वाटीने 30 मिली पाजलं, थोडं झबल्यावर सांडलं. मेल पाठवलाय.