२२ टक्क्यांवर फोन धाडकन बंद पडतो: बॅटरी गेली की सेटिंगचा घोळ?

रात्रपाळी (प्रश्न)

अँड्रॉइड फोन, अडीच वर्षं जुना, बॅटरी ५००० एमएएच. सकाळी १०० टक्के करून निघालं की दुपारी तीनला ३५ वर आलेला असतो. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा २० ते २५ टक्के असतानाच बंद पडतो, बहुतेक वेळा कॅमेरा उघडल्या उघडल्या. चार्जरला लावून चालू केला की पुन्हा १८-१९ टक्के दाखवतो. म्हणजे चार्ज शिल्लक होता ना? मग बंद का पडला?

करून झालेले उपाय: बॅटरी दोनदा पूर्ण उतरवून 'कॅलिब्रेट' केली, दर तासाला रीसेंटमधली सगळी ॲप्स उडवतो, डार्क मोड चालू आहे. फरक शून्य. आता फॅक्टरी रीसेट मारू की बॅटरी बदलू? आणि रात्रभर चार्जिंगला ठेवल्यामुळे हे झालंय का?

ओहमचा_नियम

दोन दुखणी आहेत, ती वेगळी ठेवा. दिवसभरात बॅटरी भरभर उतरणं हे एक आणि मधेच बंद पडणं हे दुसरं. मी दुसऱ्याबद्दल लिहितो.

फोन टक्के बघून बंद होत नाही, व्होल्टेज बघून होतो. टक्के हा गेज चिपने (बॅटरीची मोजणी करणाऱ्या चिपने) ठेवलेला हिशोब असतो: किती करंट आत आला, किती बाहेर गेला, आणि अधूनमधून व्होल्टेजशी ताळा. सेल (म्हणजे बॅटरीच) जुना झाला की त्याची क्षमता घटते हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचबरोबर अंतर्गत रोध, म्हणजे करंटला सेलच्या आतच होणारा अडथळा, वाढतो, आणि तुमचा घोटाळा तिथे आहे.

आकडे मांडून बघा. समजा २२ टक्क्यांना सेल निवांत असताना ३.६५ व्होल्ट देतो. कॅमेरा उघडला की सेन्सर, प्रोसेसर, स्क्रीन असं सगळं एकदम जागं होतं आणि क्षणभर ३ अँपिअर खेचले जातात. सेलचा रोध ०.०६ ओहम असेल तर ०.१८ व्होल्ट पडतात, उरतात ३.४७. फोनला कळतही नाही. तोच रोध ०.२५ ओहम झाला असेल तर ०.७५ व्होल्ट पडतात आणि उरतात २.९०. एवढ्यावर बहुतेक फोन तग धरत नाहीत, ते स्वतःला बंद करून घेतात. भार गेला की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून चालू केल्यावर १८-१९ दिसतात. चार्ज खरंच शिल्लक होता, फक्त तो हवा तेवढ्या वेगाने बाहेर निघत नव्हता. थंडीत हा रोध आणखी वाढतो, त्यामुळे हिवाळ्यात हेच ३०-३५ टक्क्यांवर होऊ लागलं तर नवल वाटून घेऊ नका.

जुन्या आयफोनमध्ये नेमकं हेच होत होतं. २०१७ मध्ये ॲपलने आयओएस १०.२.१ मधून प्रोसेसरचा कमाल वेग दाबून ते आवरलं आणि मग 'फोन मुद्दाम हळू केले' म्हणून गदारोळ झाला.

कॅलिब्रेशनने गेजचा हिशोब सुधारतो, सेल नाही. टक्के उड्या मारत असतील तर एकदा करून बघायला हरकत नाही, पण वारंवार शून्यावर नेणं सेलला बाधतं. फॅक्टरी रीसेटने तर रोध कमी होण्याचा प्रश्नच नाही, तो खटाटोप करू नका.

बॅटरीची माहिती दाखवणारं एखादं ॲप टाका आणि फोन १०० टक्के असताना चार्ज काउंटरचा (बॅटरीत किती एमएएच आहेत त्याचा) आकडा वाचा. काही फोनमध्ये हा आकडा नुसता अंदाजाचा असतो, म्हणून ५ टक्क्यांपासून १०० पर्यंत एका दमात चार्ज करून ॲपने किती एमएएच आत गेल्याचं मोजलं तेही पाहा. दोन्ही साधारण जुळले तर विश्वास ठेवा.

जागरण_लॉक

भरभर उतरण्याबद्दल. आधी शोधा, मग सेटिंगना हात लावा. दोन रात्री द्या:

पहिली रात्र: झोपताना टक्के टिपून ठेवा, विमान मोड चालू, वायफाय बंद. आठ तासांत २-३ टक्क्यांच्या आत उतरली पाहिजे. जास्त उतरली तर आतलं एखादं ॲप जागं राहतंय, किंवा सेलच गळतोय.
दुसरी रात्र: विमान मोड काढून सिम चालू, बाकी सगळं तसंच. दोन आकड्यांतला फरक म्हणजे नेटवर्कचा खर्च.

लोक स्क्रीनला शिव्या घालतात आणि रेंज विसरतात. टॉवर लांब असला की फोन ओरडून बोलतो: जवळच्या टॉवरला मिलिवॉटच्या आत भागतं, तिथे कमाल २०० मिलिवॉटपर्यंत प्रक्षेपण करावं लागतं, आणि ते करणारा ॲम्प्लिफायर त्याच्या कैक पट वीज खातो. शिवाय ५जी धरणं, सोडणं, ४जीवर येणं, पुन्हा ५जी शोधणं हे चालूच. कामाच्या जागी एकच दांडी दिसत असेल तर नेटवर्क ४जीवर बांधून टाका आणि वायफाय कॉलिंग चालू करा. वापरात नसलेलं दुसरं सिम बंद करा, तेही आपलं स्वतंत्रपणे टॉवर शोधत बसतं.

रीसेंटमधून ॲप्स उडवणं आजच सोडा. मागे पडलेलं ॲप मेमरीत गोठलेलं असतं, ते जवळपास काहीच खात नाही. तुम्ही उडवता, मग नोटिफिकेशन आलं किंवा तुम्ही स्वतः उघडलं की ते शून्यापासून उभं राहतं. खर्च त्या उभं राहण्यात आहे. अँड्रॉइड ६ पासून डोझ (फोन पडून असताना ॲप्सना झोपवणारी सोय) आहे, ९ पासून न वापरलेली ॲप्स आपोआप मागच्या बाकावर बसवली जातात. त्यांचं काम त्यांना करू द्या. तुम्ही फक्त बॅटरी वापराच्या यादीत जाऊन 'पार्श्वभूमीत' किती वेळ लिहिलंय ते बघा. स्क्रीनवर पाच मिनिटं आणि पार्श्वभूमीत चार तास असं ज्याचं असेल ते गुन्हेगार. त्याचा वापर 'प्रतिबंधित' करा आणि लोकेशनची परवानगी 'फक्त ॲप वापरताना' ठेवा.

डार्क मोड: एलसीडी स्क्रीन असेल तर उपयोग नाही, मागचा दिवा चालूच असतो. ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) असेल तरी ब्राइटनेसवर अवलंबून. पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं होतं: ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला सरासरी ३ ते ९ टक्के बचत, पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७. म्हणजे घरात बसून डार्क मोडवर फार आशा ठेवू नका, ब्राइटनेस खाली ओढणं जास्त कामाचं.

सिस्टिम अपडेटनंतर दोन-तीन दिवस मोजमाप करू नका, तेव्हा फोन आतल्या आत बरीच आवराआवर करत असतो.

सावकाश_चार्जर

रात्रभर चार्जिंग: 'जास्त चार्ज' होत नाही, १०० झालं की चिप पुरवठा तोडते. नुकसान दोन गोष्टींनी होतं, तासन् तास ४.४ व्होल्टच्या आसपास ताणलेलं राहणं आणि उष्णता. उशीखाली किंवा जाड कव्हरमध्ये दोन्ही एकत्र येतात. सर्वांत वाईट म्हणजे चार्जिंगला लावून गेम, किंवा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा आणि चार्जिंग एकदम. शून्य अंशाखाली फोन चार्ज करू नका, सेलमधल्या ग्रॅफाइटच्या थरात शिरण्याऐवजी लिथियम त्याच्या वरच साचतं आणि ते बहुतांशी परत वापरात येत नाही.

८० टक्क्यांची मर्यादा सेटिंगमध्ये असेल तर लावून टाका.

जागरण_लॉक

शेवटच्या वाक्याला अर्धी असहमती. ज्याचं ८० मध्ये दिवसभर भागतं त्याने जरूर लावावी. ज्याला संध्याकाळी चार्जर शोधत फिरावं लागतं त्याने नको. दोन वर्षांनी २० टक्के जाऊ नयेत म्हणून आजच २० टक्के सोडून द्यायचे, हा कुठला हिशोब? त्यापेक्षा अलार्मच्या वेळेला १०० गाठणारं 'अनुकूल चार्जिंग' चालू करावं.

सावकाश_चार्जर

मान्य. रोज ८० वर काढून पॉवर बँक घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

रात्रपाळी

मोजलं. विमान मोडमध्ये आठ तासांत ८० वरून ७८. सिम चालू ठेवून ८० वरून ६६. चार्ज काउंटर १०० टक्क्यांना ३७२० दाखवतो, ५ ते १०० चार्ज करताना ३५५० आत गेले. पाठीचं झाकण एका कडेला केसभर उचललेलं दिसतंय, ते आधीपासून होतं का आठवत नाही.

ओहमचा_नियम

३५५० भागिले ०.९५ म्हणजे ३७३७, दोन्ही आकडे जुळतात. क्षमता ७४-७५ टक्के उरली. ८० च्या खाली गेली की बदलायची हा सर्वमान्य निकष, शिवाय मधेच बंद पडणंही आहेच. बॅटरी बदला. रात्रीचा नेटवर्कचा १२ टक्क्यांचा खर्च मात्र नव्या बॅटरीतही होईल (ती मोठी असल्याने साधारण ९ टक्के दिसेल), तो रेंजमुळे आहे, त्यासाठी वर सांगितलेलं ४जी आणि वायफाय कॉलिंग करा.

पण झाकणाचं आधी बघा. फोन सपाट काचेवर पालथा-उताणा ठेवा, डुगडुगला किंवा कडेची फट वाढत असेल तर बॅटरी फुगली आहे. मग आजपासून चार्जिंग बंद, झाकण दाबून बसवायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही. आता चार्ज आहे तोवर बॅकअप घ्या, फोन बंद करा आणि कंपनीच्या सेवा केंद्रात द्या. घरी उघडू नका: सेल चिकटपट्टीने बसवलेला असतो, उचकटताना वाकला की आतले थर एकमेकांना टेकून पेट घेऊ शकतो.

बाहेरून बॅटरी घेणार असाल तर त्याच मापात ६५०० एमएएच लिहिलेली दिसली की आकडा फुगवलेला समजून परत ठेवा. बसवून झाल्यावर झाकणाची पाणीरोधक सीलपट्टी नवी लावली का ते विचारा, जुनीच दाबली असेल तर फोन पावसापासून जपावा लागेल. पहिले तीन-चार दिवस टक्के थोडे इकडेतिकडे होतील, गेज नव्या सेलची ओळख करून घेत असते.