पुण्यातून क्यूओ-१०० ऐकायचाय: डिश वळवली, वॉटरफॉल कोराच

गच्ची_पश्चिम:
सामान असं आहे: ९० सेंमीची ऑफसेट डिश, युनिव्हर्सल एलएनबी (डिशपुढचा डबा, जो सिग्नल वाढवून खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणतो; लेबलवर एलओ म्हणजे लोकल ऑसिलेटर ९.७५/१०.६ गिगाहर्ट्झ), आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल (संगणकाला जोडायचा रेडिओ रिसीव्हर), १८ मीटर आरजी-६ केबल. कतारच्या एस-हेल-२ उपग्रहावरचा हौशी रेडिओचा ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला सिग्नल परत जमिनीवर पाठवणारी यंत्रणा (क्यूओ-१००, २५.९ अंश पूर्व) ऐकायचा आहे. डोंगलचा बायस-टी (केबलमधूनच एलएनबीला वीज देण्याची सोय) चालू आहे. डिश पश्चिमेकडे वळवल्यावर सॅटेलाइट फाइंडर जोरात वाजतो, पण वॉटरफॉलवर (सॉफ्टवेअरमधलं सिग्नलचं सरकतं चित्र) ७३९-७४० मेगाहर्ट्झला काहीच दिसत नाही. कुठे चुकतंय? आणि एक जोडप्रश्न: पूर्वी असल्या कामाला प्रचंड डिश लागायच्या, मग ९० सेंमीत भागायला लागलं ते कशामुळे?

आयएफ_७४०:
दोन चुका तर लिहिण्यातच दिसतायत.

पहिली, वीज. व्ही३ चा बायस-टी साडेचार व्होल्ट देतो. एलएनबीला १३ (व्हर्टिकल) किंवा १८ (हॉरिझॉन्टल) लागतात, म्हणजे डोंगलच्या विजेवर तुमचा एलएनबी जागाच होत नाही. जुना सेट-टॉप बॉक्स पडून असेल तर एका बाजूलाच 'पॉवर पास' असलेला टू-वे स्प्लिटर आणा. पॉवर पासच्या तोंडाला बॉक्स, दुसऱ्या तोंडाला डोंगल. जोडण्याआधी डोंगलच्या तोंडावर मल्टिमीटर लावून डीसी शून्य आहे ना ते बघाच. तिथे १८ व्होल्ट आले तर डोंगल गेला. त्याचा बायस-टीही बंद करा. बॉक्सवर हाताने ट्रान्सपाँडर भरा: १०९९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, २२ किलोहर्ट्झ टोन बंद. टोन चालू राहिला तर एलएनबी १०.६ च्या ऑसिलेटरवर जातो आणि आपला सिग्नल बाहेरच पडत नाही. बॉक्स स्टँडबायला टाकू नका, वीज तुटते.

दुसरी, फाइंडर. तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमधली एकूण ताकद मोजतो. क्यूओ-१०० चा नॅरोबँड भाग १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झला आहे. त्यातून ९७५० वजा केले की ७३९.५ ते ७४०. म्हणजे फाइंडरच्या पट्ट्याबाहेर. तो वाजतोय ते शेजारच्या कुठल्यातरी टीव्ही उपग्रहावर. त्याला पेटीत ठेवा आणि वॉटरफॉल बघत डिश हलवा.

स्क्यू_६६:
दिशेचं गणित पुण्यासाठी: अझिमथ (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेली दिशा) २५४ अंश, एलिव्हेशन (क्षितिजापासून उंची) ३२. फ्री डिशचा जीसॅट-१५ (९३.५ पूर्व) पुण्यातून आग्नेयेला १३२ अंशांवर आणि जवळजवळ ५९ अंश उंच दिसतो. त्या सवयीने डिश आकाशाकडे ताणू नका. ऑफसेट डिशचा कोन साधारण २४ अंशांचा धरला तर ३२ एलिव्हेशनला तिचं तोंड उभ्यापासून जेमतेम ८ अंश मागे झुकलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं ही समोरच्या सोसायटीकडेच रोखलीय. पश्चिमेला उंच इमारत असेल तर मात्र विषय तिथेच संपतो.

आता खरी गोम, स्क्यू, म्हणजे एलएनबी जागच्या जागी किती फिरवायचा तो कोन. उपग्रह आपल्या रेखांशापासून ४८ अंश पश्चिमेला असल्यामुळे पुण्यात ध्रुवीकरण (लाटेच्या कंपनाची दिशा) तब्बल ६६ अंश कललेलं येतं. एलएनबी सरळ ठेवून १३ व्होल्ट दिले तर जवळपास ८ डीबी (डेसिबल) गेले, म्हणजे सिग्नलचा साधारण सहावा भागच उरला. डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे बघताना एलएनबी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ६६ अंश फिरवा. क्लॅम्प तितका फिरू देत नसेल तर उलट बाजूने २४ अंश फिरवून १८ व्होल्ट द्या, तेच काम होतं. गंमत म्हणजे एलएनबीला हात न लावता नुसते १८ व्होल्ट दिले तरी तोटा एखाद्या डीबीच्या आतच राहतो.

दिशा ताडून बघायला सूर्य वापरा. १२ मार्चच्या आसपास सव्वाचार-साडेचारला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास चारच्या सुमारास सूर्य पुण्यातून बरोबर या उपग्रहामागे असतो. तेव्हा डिशवरून परतलेलं ऊन एलएनबीच्या तोंडावर एकवटलं पाहिजे. त्या काही मिनिटांत सूर्याचा नॉइज वाढून सिग्नल बुडतो, तो बिघाड समजू नका.

गच्ची_पश्चिम:
१८ व्होल्ट आणि २४ अंश केलं, दिसला! पण मधला बीकन (उपग्रहाचा कायमचा खुणेचा सिग्नल) ७३९.७५० ऐवजी ७३९.९० ला आहे, आणि दुपारपासून हळूहळू सरकतोय.

आयएफ_७४०:
मग तुमचा एलएनबी पीएलएलवाला (क्रिस्टलला बांधलेल्या ऑसिलेटरचा) आहे, नशीब समजा. त्यात २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि त्याची ३९० पट केली की ९७५०. क्रिस्टल दहा लाखांत एका भागाने चुकला की इकडे पावणेदहा किलोहर्ट्झ सरकतात, म्हणून १५० किलोहर्ट्झची चूक अगदी सामान्य आहे. सुरुवातीला म्हणूनच दोनेक मेगाहर्ट्झ रुंद बघावं. जुन्या डीआरओवाल्या (क्रिस्टल नसलेल्या) एलएनबीवर एसएसबी (हौशी लोकांची अरुंद पट्ट्यातली बोलण्याची पद्धत) ऐकायचा नाद सोडून द्या, ते गच्चीवरच्या उन्हात कुठल्या कुठे जातात.

उपाय दोन. सॉफ्टवेअरला मधल्या पीएसके (डेटा पाठवणाऱ्या) बीकनला लॉक करायला सांगा, एसडीआर कन्सोल या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. नाहीतर एलएनबी उघडून क्रिस्टलच्या जागी टीसीएक्सओ (तापमानाने न ढळणारा ऑसिलेटर) किंवा जीपीएसला बांधलेला २५ मेगाहर्ट्झ द्या. दुसरा उपाय पक्का, पण उघडलेला एलएनबी पावसाळ्याआधी सिलिकॉनने नीट बंद करावा लागतो. आत ओल गेली की प्रोब (सिग्नल पकडणाऱ्या बारीक तारा) गंजतात. ऐकण्यापुरता पहिला उपाय पुरे. डोंगलचा गेनही खाली आणा. एलएनबीचाच गेन पन्नास-साठ डीबी असतो, त्यामुळे केबलमधल्या तीन-चार डीबींची काळजी नको.

नॉइज_फ्लोअर:
जोडप्रश्नाबद्दल. नारायणगावजवळच्या आर्वीचं भू-केंद्र सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. त्याची डिश तीस मीटरच्या घरातली. एक कारण म्हणजे तेव्हाचे उपग्रह क्षीण होते. दुसरं कारण रिसीव्हरचा पहिला टप्पा. तिथे जो नॉइज घुसतो तो पुढे कितीही ॲम्प्लिफाय करून जात नाही, म्हणून मोठ्या भू-केंद्रांत पहिला ॲम्प्लिफायर थंड करून चालवत. १९७९ मध्ये जपानच्या फुजित्सूमध्ये ताकाशी मिमुरा यांनी हेम्ट ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. यात इलेक्ट्रॉन अशुद्धी मिसळलेल्या थरातून न धावता शेजारच्या शुद्ध थरातून धावतात, त्यामुळे अडथळा कमी आणि नॉइजही कमी. १९८५ मध्ये तो नोबेयामाच्या रेडिओ दुर्बिणीत बसला आणि काही वर्षांतच घरगुती उपग्रह-टीव्हीच्या रिसीव्हरमध्ये आला. तुमच्या एलएनबीत फीडनंतर (लाटा आत शिरतात ते तोंड) पहिला बसलेला भाग त्याच घराण्यातला आहे, तोही साध्या हवेच्या तापमानाला. लेबलवरच्या '०.१ डीबी' आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. तो विक्रीचा आकडा असतो.

स्क्यू_६६:
पुढे बोलायचं मनात असेल तर आत्ताच सांगतो. अपलिंक (जमिनीवरून उपग्रहाकडे) २४०० ते २४००.५ मेगाहर्ट्झ, उपग्रहाकडे जाताना उजवं वर्तुळाकार ध्रुवीकरण. डिशवर आपटून दिशा उलटते, म्हणून फीड डावा लागतो. 'पोटी' नावाचा पॅच फीड एलएनबीच्या तोंडावरच बसतो. ९० सेंमीवर फीडपाशी पाचेक वॅट एसएसबीला पुरतात. ॲम्प्लिफायर डिशजवळच ठेवा, कारण २.४ गिगाहर्ट्झला आरजी-५८ मीटरमागे डीबीभर खातो. आपला आवाज बीकनपेक्षा वर गेला तर लेला नावाची यंत्रणा तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर भोंगा वाजवते. आणि परवान्यावर हा बँड आहे की नाही ते पाहिल्याशिवाय पीटीटीला (बोलण्याच्या बटणाला) हात लावू नका.