फायब्रायझरच्या मोटर रिलेला लॅपटॉप जोडायचाय, मागच्या पोर्टवर टाइमआउट येतंय

साखरपट्टा_इलेक्ट्रिकल
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. बॉयलर पेटलाय, मोळी पूजन तोंडावर आलंय आणि साहेबांना फायब्रायझरच्या (ऊस बारीक करणारं यंत्र) एचटी, म्हणजे हाय टेन्शन मोटरचा करंट, वाइंडिंगचं टेंपरेचर आणि ट्रिप का झाली हे सगळं कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटरवर बघायचंय. गेल्या सीझनला मोटर रात्री ट्रिप व्हायची, ऑपरेटर रीसेट मारून पुन्हा चालू करायचा आणि सकाळी विचारलं की "ऊस जास्त पडला" एवढंच उत्तर.

मोटरचं रक्षण करणाऱ्या रिलेला पुढच्या बाजूला नऊ पिनचं आरएस-२३२ पोर्ट आहे आणि मागे आरएस-४८५ चे (लांबच्या वायरवरच्या डेटा लाइनचे) टर्मिनल, त्यावर बोलायची भाषा मॉडबस आरटीयू. पुढनं रिलेच्या सॉफ्टवेअरवर लॅपटॉप लगेच लागतो, सगळं दिसतं. मागनं नवी पेठेतून आणलेला यूएसबी टू ४८५ कन्व्हर्टर लावला, बॉड रेट (डेटाचा वेग) ९६०० ठेवला, रिलेचा आयडी १ टाकला, तरी नुसता टाइमआउट, म्हणजे उत्तरच नाही. एचटी रूम ते कंट्रोल रूम केबल साधारण ३०० मीटर आहे. कुठनं सुरू करू, वायर, कन्व्हर्टर की रिले?

चिंचोळी_पॅनलवाला
अण्णा, पुढनं लागतंय म्हणजे रिले जिवंत आहे, तो संशय काढून टाका. आता लॅपटॉप आणि कन्व्हर्टर उचलून थेट एचटी रूममध्ये जा, कंट्रोल रूमकडे जाणारी ३०० मीटरची लाइन रिलेच्या टर्मिनलवरनं सोडवा आणि हातभर वायरनं कन्व्हर्टर रिलेला जोडून बघा. तिथं चाललं तर दोष केबलमध्ये, नाही चाललं तर सेटिंगमध्ये, उगाच ट्रे उघडत बसायला नको.

सेटिंगमध्ये पहिल्यांदा पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) बघा. मॉडबसच्या नियमात डिफॉल्ट इव्हन पॅरिटी आहे, पण बरेच रिले नो पॅरिटीवर येतात आणि आपलं पोलिंग (रिलेला पुन्हा पुन्हा विचारणारं) सॉफ्टवेअर तिसरंच काहीतरी धरून बसलेलं असतं. दुसरं म्हणजे बऱ्याच रिलेत पुढच्या आणि मागच्या पोर्टचं सेटिंग वेगवेगळं असतं, तर पुढनं लॅपटॉप लावून मागच्या पोर्टचा आयडी आणि बॉड रेट नेमका काय आहे ते वाचून घ्या, अंदाजानं १ टाकू नका. आयडी १ ते २४७ मधला कुठलाही असू शकतो.

आणि ४८५ च्या ए-बी या दोन वायर अदलाबदल करून बघा. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी, कंपन्यांमध्ये याच्यावर एकमत नाहीच. उलटं लागलं म्हणून काही जळत नाही, फक्त गप्प बसतं.

शिफ्ट_सी
डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर पण चेक करा. यूएसबीचा सॉकेट बदलला की कधी कॉम ३ चा कॉम ७ होतो आणि आपण जुन्याच नंबरवर हाका मारत बसतो. पोर्टवर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर रुसलाय, स्वस्तातल्या नकली चिपला असं होतं.

साखरपट्टा_इलेक्ट्रिकल
पॅनलवाले, जमलं की! मागच्या पोर्टचा आयडी वेगळाच होता आणि ए-बी पण उलटे होते. एचटी रूममध्ये जवळनं झकास चालतंय. आता कंट्रोल रूममधनं पण चालतं, पण फायब्रायझर ट्रायलला चालू केला की मधूनच तुटतं, आणि चालू करायच्या क्षणी तर हमखास. शिवाय करंट १५७२८६४० असा दिसतोय, रिलेच्या डिस्प्लेवर मात्र २४०.

हॉटगी_रोड_४८५
आकडा आधी सांगतो, ते सोपं आहे. २४० गुणिले ६५५३६ करा, बरोब्बर १५७२८६४० येतं. म्हणजे करंट ३२ बिटचा आहे, दोन रजिस्टरमध्ये (१६-१६ बिटच्या कप्प्यांत) पसरलाय आणि तुमचं सॉफ्टवेअर ते दोन उलट क्रमानं जोडतंय. वर्ड स्वॅपचा पर्याय दिला की बसलं. आणि एखादी व्हॅल्यू शेजारच्या व्हॅल्यूसारखी वाटायला लागली तर समजा पत्ता एकानं सरकलाय. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहितात पण वायरवर तो पत्ता शून्य असतो, काही सॉफ्टवेअर एक वजा करतं, काही करत नाही.

आता तुटण्याचं. सगळं बंद ठेवा, कन्व्हर्टर पण काढा, आणि लाइनच्या दोन वायरमध्ये मल्टिमीटरनं ओहम बघा. दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असले तर ६० च्या आसपास दाखवायला पाहिजे. १२० दाखवलं तर एकाच टोकाला आहे, ४० दाखवलं तर कुणीतरी मध्ये तिसरा घातलाय. ३०० मीटरचं अंतर म्हणाल तर ९६०० ला ते काहीच नाही, ४८५ चा पल्ला १२०० मीटर धरतात.

माझा खरा संशय अर्थिंगवर आहे. एचटी रूमचा अर्थ वेगळा, कंट्रोल रूमचा वेगळा, आणि मोठी मोटर सुरू होताना दोन्हीत फरक पडतो. साधा ४८५ रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आतच सहन करतो, त्याच्या पलीकडे गेलं की संवाद तुटतो, नशीब वाईट असेल तर चिपच जाते. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा, सिग्नल कॉमनची तिसरी वायर असेल तर ती जोडा, आणि आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारा) कन्व्हर्टर घ्या. थोडा महाग पडतो, पण साध्यात मोटरचा झटका थेट लॅपटॉपपर्यंत येतो. ही केबल एचटीच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेत झोपवली असेल तर आधी ती वेगळी काढा.

चिंचोळी_पॅनलवाला
एक गोष्ट राहिली. फक्त वाचायचं ठेवा, म्हणजे मॉडबसचे वाचायचे फंक्शन ३ आणि ४. सेटिंग लिहायचे अधिकार कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरला देऊ नका, कुणीतरी ओव्हरलोडचा आकडा वाढवून "आता ट्रिप होत नाही" म्हणेल आणि मोटर वाइंडरकडे जाईल. आणि काही रिलेत कम्युनिकेशन तुटलं की ट्रिप असं सेटिंग असतं, ते चालू आहे का बघाच, नाहीतर लॅपटॉप काढला की फायब्रायझर बंद आणि तुम्ही साहेबांसमोर.

साखरपट्टा_इलेक्ट्रिकल
बघितलं, ते बंदच आहे. ट्रेत खरंच सगळं एकत्र झोपवलंय, उद्या वेगळं काढतो. पण एक विचारायचंय, सेकंदाला एकदा वाचून एक्सेलमध्ये भरतोय, ट्रिप झाली की त्यात खरं कारण सापडेल ना?

हॉटगी_रोड_४८५
नाही सापडणार. ९६०० ला दहा रजिस्टर वाचायला वायरवरच चाळीसेक मिलिसेकंद जातात, वर रिलेचा उत्तर द्यायचा वेळ, आणि तुम्ही तर सेकंदानं विचारताय. जॅम झाल्यावर करंट उसळून मोटर सुटेपर्यंतचा खेळ तुमच्या दोन ओळींच्या मधेच संपतो. एक्सेलचा उपयोग चढत्या टेंपरेचरला, लोड हळूहळू वाढतोय का ते बघायला आणि थर्मल कपॅसिटी (मोटरची उष्णता सोसायची मर्यादा) किती भरलीये ते समजायला. ती बघितली तर ऑपरेटर लगेच रीसेट का मारू नये हे तुम्हालाच कळेल, कारण वाइंडिंग गरमच असतं. ट्रिपचं कारण रिलेनं स्वतः इव्हेंट रेकॉर्डमध्ये साठवलेलं असतं, कुठल्या फेजला किती करंट होता, जॅम होतं की अनबॅलन्स (तिन्ही फेजचा करंट असमान). ट्रिप झाली की रीसेटच्या आधी पुढच्या पोर्टनं ते उतरवून घ्यायचं, आणि ही सूचना रात्रपाळीच्या ऑपरेटरला लेखी द्या.

आणि रिलेचं घड्याळ मिळवून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ते कित्येक तास मागे-पुढे असतं, मग रिले म्हणतो ट्रिप दुपारी झाली आणि लॉगबुक म्हणतं पहाटे.

साखरपट्टा_इलेक्ट्रिकल
आत्ताच बघून आलो. आमच्या रिलेत तर अजून जानेवारीच चालूये.