'गेम चालत नाही' म्हटलं की 'तुझा पीसीच जुना' हे ऐकवणं थांबवा

रात्रपाळी
परवा जुना_मिस्त्री यांनी लिहिलं होतं, "नवा गेम चालत नाही म्हणणाऱ्यांनी ड्रायव्हर अपडेट करावा, नाहीतर नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं. रडू नये." ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे १६ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, कार्ड दोन वर्षांचं आहे. गेमने मागितलेल्या किमान गरजेच्या वरच आहे सगळं. शुक्रवारी रात्री गेम उतरवला. शेडर, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, माझ्या कार्डासाठी तयार (कंपाइल) होतात, त्याची पट्टी ३८ टक्क्यांवर पाऊण तास अडकली. मिस्त्रींच्या सल्ल्याने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बदलला, तर पट्टी पुन्हा शून्यावर! नव्या ड्रायव्हरला जुने शेडर चालत नाहीत, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. शेवटी पट्टी भरली, लोगो आला आणि खिडकी गायब. एररसुद्धा नाही. घेतला तिथे १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच पैसे परत मिळतात. शेडरची वाट बघण्यातच माझे २ तास संपले. मी खेळलो काय? लोगो.

जुना_मिस्त्री
२२ वर्षं पीसी जोडतोय, म्हणून बोलतो. गेल्या दिवाळीत एक मुलगा वडिलांना घेऊन आला. "कार्ड खराब दिलंत, नवा गेम रखडतो." मागे जाऊन बघितलं तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला. कार्डावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आठ महिने तो पोरगा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळत होता आणि शिव्या मला. तुमची १६ जीबी रॅम एकाच कांडीची आहे ना? एका कांडीने वेग मार खातो. एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलंय? आधी ते बघा.

तळेगावकर
मिस्त्री, केबल सगळीकडे लावू नका. २०१५ मध्ये अर्खम नाइट या बॅटमनच्या गेमची पीसी आवृत्ती आली आणि काही दिवसांतच कंपनीला विक्री थांबवावी लागली. परत आली ऑक्टोबरच्या शेवटी. तेव्हा काय जगभरातल्या लोकांनी केबल चुकीची लावली होती? २०२३ च्या मार्चमध्ये द लास्ट ऑफ अस पीसीवर आला, तेव्हाही शेडरच्या पट्टीकडे बघत बसलेले लोक आठवा. कन्सोलचं हार्डवेअर एकच, त्यामुळे शेडर तयारच येतात. पीसीवर ते काम गिऱ्हाइकाच्या माथी मारतात.

जुना_मिस्त्री
ते दोन गेम फसले, मान्य. दोनच.

लॉगवाचक
भांडण नंतर करा. रात्रपाळी, क्रॅश लॉगची, म्हणजे गेम बंद पडताना लिहिल्या जाणाऱ्या नोंदीची, शेवटची ओळ टाका.

रात्रपाळी
सेव्ह फोल्डर तयार करता आलं नाही, असं आहे. पत्ता: सी ड्राइव्ह, युझर्स, मग ??????

लॉगवाचक
विंडोजमध्ये अकाउंटचं नाव मराठीत आहे का?

रात्रपाळी
हो. आईबाबा. पीसी घरी आला त्या दिवशी आईने स्वतः टाइप केलं होतं.

लॉगवाचक
सापडलं. आईबाबा म्हणजे आ, ई, ब, काना, ब, काना. सहा चिन्हं, सहा प्रश्नचिन्हं. विंडोजच्या जुन्या कोडपेजांत, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यांत, देवनागरीसाठी जागाच नाही, ती फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकत्र तक्त्यात चालते. गेममधला एखादा भाग जुन्या पद्धतीने पत्ता वाचतो, त्याला प्रत्येक अक्षर ? दिसतं, आणि फोल्डरच्या नावात ? चालत नाही. अकाउंटचं नाव नुसतं बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही. रोमन अक्षरांत नवं अकाउंट काढा आणि तिथून गेम लावा.

जुना_मिस्त्री
बघा! म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो, नाव इंग्रजीत ठेवा. कटकट नको.

अक्षरवेडी
का ठेवायचं? युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये आहे. २०१९ पासून तर विंडोज १० मध्ये प्रोग्रॅमने 'मी यूटीएफ-८ (युनिकोड लिहायची पद्धत) वापरतो' एवढं जाहीर केलं तरी पुरतं. पैसे पूर्ण घेता, मग आईने टाइप केलेल्या नावाची प्रश्नचिन्हं का? आणि तुमच्यासारखे दुकानदार "इंग्रजीत ठेवा" म्हणत राहतात, म्हणून गेम करणाऱ्यांना ही चूक कधी कळतच नाही.

जुना_मिस्त्री
बाई, माझ्या दारात गिऱ्हाईक उभं असतं. त्याला गेम चालायला हवा असतो, भाषेची चळवळ नको असते. चळवळीने माझं भाडं भरत नाही.

अक्षरवेडी
चळवळ? मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना 'मृण्मयी' तीनदा टाइप केलं. छापील पावतीवर 'मृण् मयी' आलं, मध्ये जागा सोडून. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, सोपं नाव ठेवायचं." दोन खेपा घातल्या मी त्यासाठी. तुमचं वाक्य आणि त्याचं वाक्य एकच आहे.

तळेगावकर
माझ्या आडनावातला ळ तर कित्येक ठिकाणी ल होऊन येतो. पण इथे विषय गेमचा होता ना?

अक्षरवेडी
हाच गेमचा विषय आहे. गेम याच कारणाने बंद पडला.

रात्रपाळी
नवं अकाउंट काढलं. पट्टी पुन्हा पहिल्यापासून, पण गेम सुरू झाला. तासभर खेळलो, एकदाही पडला नाही. लॉगवाचक, मनापासून आभार. मिस्त्री, रॅमची कांडी एकच निघाली, तेवढं तुमचं बरोबर. पण ड्रायव्हर आणि कार्ड दोन्ही निर्दोष होते. आईचं अकाउंट मी तसंच ठेवलंय.

जुना_मिस्त्री
कांडीचं मानलंत, बरं झालं. मग माझंही ऐका. प्रश्नचिन्हांची ओळ मीही दोन मशीनवर बघितलीय आणि दोन्ही वेळा विंडोज नव्याने टाकून मोकळा झालो. गिऱ्हाइकांचे फोटो गेले त्यात. लॉग उघडायला हवा होता.

अक्षरवेडी
गेम करणाऱ्यांना तक्रार लिहितेय. रात्रपाळी, लॉगची ती ओळ आणि गेमचा आवृत्ती क्रमांक पाठवा.

जुना_मिस्त्री
दुकानात एक मशीन रिकामं आहे. मराठी नावाचं अकाउंट काढून उद्या तिथेही गेम पाडून दाखवतो. माझा लॉगही जोडा.