नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या (नाशिक जिल्हा) पक्षी ओळखण्याच्या खेळात गुण कसे द्यावेत? मदत हवी आहे

सातवीची 30 मुलं, 6 गट, गटाला एक फोन, वेळ दोन तास. रेंजचा भरवसा नाही, म्हणून मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपचा पक्षी-पॅक (पक्ष्यांच्या माहितीचा संच) घरूनच डाउनलोड केलेला असतो. आवाजावरून ओळख ऑफलाइन चालते, पण मुलं बोलली की चुकीची नावं येतात. पाण्यातली बदकं लांब, फोनच्या झूममध्ये फोटो फाटतो.

दुर्मीळ पक्ष्याला 5, नेहमीच्याला 1 गुण ठेवून पाहिलं. मुलं अ‍ॅपचं पहिलं नाव डोळे मिटून लिहू लागली. दोन गटांची साक्ष सक्तीची केली, तर गर्दी होऊन पक्षीच उडाले.

स्पर्धा काढायची नाही, मुलांना ती आवडते. चोच, पाय, उडण्याची ढब यांवरून अ‍ॅपची चूक पकडणाऱ्या गटाला जास्त गुण मिळतील, आणि एकटे शिक्षक जागेवरच तपासू शकतील, अशी गुणपद्धत कोणी वापरली आहे का?