तुर्की नाटोत असूनही रशियाशी जमवून कसं घेतो?

प्रश्न: १९५२ पासून नाटोत आहे, तरी रशियाकडून एस-४०० ही विमानं-क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा घेतली, वर स्वीडनला जवळपास दोन वर्षं दारात उभं केलं. एवढं सगळं चालवून कसं घेतात बाकीचे?

प्रतिसाद १: नकाशा बघा ना. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात जायचं तर बॉस्फरस आणि डार्डनेल्स या तुर्कीतल्या दोन सामुद्रधुन्या सोडून जहाजांना रस्ताच नाही, आणि बॉस्फरस तर एके ठिकाणी जेमतेम ७०० मीटर रुंद. १९३६ च्या माँत्रो करारानं त्याची किल्ली तुर्कीकडे दिली, युद्ध सुरू असेल तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौका अडवता येतात. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटल्यावर तुर्कीने तेच केलं, फक्त आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकांना सूट. मला तर हा करार कुठल्याही क्षेपणास्त्रापेक्षा भारी वाटतो.

प्रतिसाद २: पण फुकट नाही मिळालं काही, एस-४०० पायी २०१९ मध्ये एफ-३५ लढाऊ विमानांच्या प्रकल्पातून बाहेर काढलंच की अमेरिकेने.

प्रतिसाद ३: नाटोत नवा सदस्य घ्यायला सगळ्यांची संमती लागते, म्हणून एकट्या तुर्कीला स्वीडन अडवता आला, आणि हंगेरीनेही शेवटपर्यंत ताणलंच. मार्च २०२४ मध्ये आला एकदाचा आत.